सावळ्या त्वचेचे फाउंडेशन: मेबेलीन फिट मी, शेड 330

आर्वी तालुक्यातील एका खेड्यात मी शिक्षिका आहे आणि शाळेत जाण्यासाठी रोज बारा किलोमीटर स्कूटी चालवते. हे आधी सांगण्याचे कारण असे की, माझ्या त्वचेचा रंग एकसारखा नाही. स्कार्फ बांधूनही कपाळ आणि नाकाचा भाग उन्हाने काळवंडतो, हातांचे पंजे त्याहून गडद होतात आणि गळा मात्र मूळ रंगाचा राहतो. विदर्भात उन्हातान्हात वावरणाऱ्या बहुतेक बायकांची हीच स्थिती असते आणि फाउंडेशन घेताना आपली फसगत नेमकी इथेच होते.

माझीही झाली. चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी एका दुकानातून पहिली बाटली घेतली. काउंटरवरच्या बाईंनी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दाखवला आणि म्हणाल्या, "थोडी उजळच घ्या मॅडम, लग्नात बरी दिसते." दुकानात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता, त्यामुळे मलाही ते खरे वाटले. लग्न मे महिन्यातले, भर दुपारचे. मांडवात आत्याने मला बाजूला घेऊन विचारले, "काय वं बाई, बरं नाही का तुले?" चेहरा राखाडी झाला होता आणि गळ्याशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. त्या लग्नातल्या फोटोंकडे पाहताना मला आजही वाईट वाटते.

असे का होते, हे मी नंतर समजून घेतले. फाउंडेशनचा रंग मुख्यतः पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये लोहाची पिवळी, लाल आणि काळी ऑक्साइडे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तयार होतो. शेड जितकी उजळ तितका त्यात पांढऱ्याचा वाटा अधिक, आणि तो थर सावळ्या त्वचेवर बसला की त्वचा गोरी दिसत नाही, राखेसारखी दिसते. त्यातच आपल्याकडच्या अनेकींच्या त्वचेत पिवळसर किंवा सोनेरी झाक असते. गुलाबी झाकेची शेड गडदपणात अगदी बरोबर असली तरी अशा त्वचेवर वेगळी उठून दिसते. या झाकेलाच अंडरटोन म्हणतात. ती ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते पाहा, असे सांगितले जाते. पण माझ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत, त्यामुळे मला त्या युक्तीचा काही उपयोग झाला नाही.

2020 मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला, मात्र एक शेड उजळ सुचवण्याची सवय दुकानांतून गेलेली नाही. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणूनच त्या बाई तसे म्हणाल्या असतील, हे मला कळते. तरीही ही सवय मोडली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पुढे प्रशिक्षणासाठी वर्ध्याला गेले असता तिथल्या एका दुकानात टेस्टरच्या बाटल्या उघड्या ठेवलेल्या दिसल्या. मेबेलीनच्या फिट मी मॅट अँड पोअरलेस या प्रकारातील (मॅट म्हणजे चमक नसलेला) तीन शेड्सचे तीन पट्टे मी जबड्याच्या कडेला, गाल आणि गळा जिथे मिळतात तिथे ओढले आणि दुकानातल्या मुलीला सांगून सरळ बाहेर उन्हात आले. 220 नॅचरल बेज लांबूनही दिसत होती. 310 सन बेज पहिल्या नजरेला चांगली वाटली. 330 टॉफी मात्र आरशात शोधावी लागली, आणि जी शेड शोधावी लागते तीच आपली. तरीही मी लगेच पैसे दिले नाहीत. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि वीस मिनिटे थांबले, कारण हवा आणि त्वचेवरचे तेल यांच्याशी संबंध आल्यावर काही फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो. 330 तशीच राहिली.

हा प्रकार सामान्य ते तेलकट त्वचेसाठी आहे आणि माझ्या त्वचेवर तो तसाच वागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सकाळी नऊला लावलेला थर दुपारी दोनपर्यंत टिकला. फक्त नाकाच्या बाजूला एकदा टिपकागद लावावा लागला. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कोणतेही फाउंडेशन घामापुढे तग धरत नाही, म्हणून मे महिन्यात मी ते पूर्ण चेहऱ्यावर न लावता ओल्या स्पंजने फक्त डागांवर थापते. ज्यांची त्वचा कोरडी आहे, त्यांनी हा मॅट प्रकार घेऊ नये. हिवाळ्यात तर मुळीच नको.

बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते याचा आकडा, लिहिलेला असला तरी सनस्क्रीन वगळू नये, असे मी आग्रहाने सांगते. एसपीएफचा आकडा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजतात आणि तेवढे फाउंडेशन कोणीही लावत नाही. मी आधी सनस्क्रीन लावते, ते मुरू देते आणि मगच फाउंडेशन घेते.

ऑनलाइन मागवायचे असेल, तर शेड आधी कुठेतरी प्रत्यक्ष लावून पाहिलेली असावी, कारण उघडलेली बाटली सहसा परत घेत नाहीत. आमच्यासारख्या गावांतून वर्ध्याला किंवा अमरावतीला महिन्यातून एखादी फेरी होतेच. त्या दिवशी चेहरा नुसता धुऊन, काहीही न लावता जावे. लहान ट्यूबही मिळते, पहिल्यांदा घेणारीला ती पुरे.

माझी 30 मिलिलिटरची बाटली मी वापरते त्या बेताने सहज वर्षभर जाईल. झाकण उघडलेल्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा बाटलीवर छापलेला असतो. उघडल्यापासून तेवढेच महिने ती वापरायची असते. म्हणून उघडल्याची तारीख मी बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे, आणि पत्र्याखालची खोली फार तापत असल्याने बाटली माजघरात, माठाशेजारच्या कोनाड्यात असते.