कॉनी मॅकच्या पानावर बेसबॉल-रेफरन्सची परीक्षा

आजच्या खेळाडूंची पानं बेसबॉल-रेफरन्सवर, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर, चोख असतात, त्यात नवल नाही. कस लागतो तो एकोणिसाव्या शतकातल्या कॅचरपाशी (फलंदाजामागे राहून चेंडू झेलणारा खेळाडू). म्हणून कॉनी मॅक घ्या. १८८६ ते १८९६ वॉशिंग्टन, बफेलो आणि पिट्सबर्गकडून कॅचर. १८९४ ते १८९६ पिट्सबर्गचा मॅनेजर. मग १९०१ ते १९५० फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा.

नाव शोधलं की आधी खेळाडूचं पान उघडतं. मॅनेजरचा तक्ता वेगळ्या पानावर आहे आणि त्याची लिंक सहज नजरेआड होते. काही वर्षांचीच बेरीज हवी असेल, समजा पिट्सबर्गची १८९१ ते १८९६, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर क्लिक करा. ही सोय फार कमी जणांना ठाऊक असते.

फलंदाजीच्या तक्त्यात मात्र जपून. मॅकच्या नावावर १२७ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे टप्पे) दिसतात, म्हणून तो चपळ होता असं ठरवू नका. १८९७ पर्यंत सहकाऱ्याच्या फटक्यावर जादा बेस गाठला तरी तो चोरीतच मोजला जाई. पास्ड बॉलचंही, म्हणजे कॅचरच्या हातून निसटलेल्या चेंडूंचंही, तसंच. हे साधारण आपल्या विकेटकीपरच्या बाइजसारखं. आकडे भरमसाट वाटतात, पण कॅचरचा जाड हातमोजा, म्हणजे मिट, तेव्हा नुकता रुळत होता आणि पिचर आजच्यापेक्षा जवळून फेकत असे. ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आलं. यातलं काहीच तक्त्याशेजारी लिहिलेलं नाही. हीच या पानाची सर्वांत मोठी उणीव. बॅटला चेंडू चाटल्याचा आवाज हाताने काढून अंपायरला चकवण्याची मॅकची युक्ती तर कुठल्याच रकान्यात मावणार नाही! त्यासाठी पानावरच्या लिंकने सेबर या बेसबॉल-संशोधन संस्थेच्या चरित्रलेखाकडे जावं.

मॅनेजरचं पान उत्तम. ३,७३१ विजय, ३,९४८ पराभव. मोसम अर्धवट झाला असेल तर सामने ज्याचे त्याच्या नावावर: १९३७ आणि १९३९ मध्ये मॅक आजारी असताना मुलगा अर्ल याने संघ सांभाळला, ते ४५ विजय आणि ७७ पराभव अर्लच्या खात्यात जातात. संघाच्या पानावरून बेरीज करणारे इथेच चुकतात. मॅक मिलवॉकीचा मॅनेजर होता ती १८९७ ते १९०० ही वर्षं मुख्य तक्त्यात नाहीत, कारण ती लीग तेव्हा मेजर, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, नव्हती.

१९१४ ला लीग जिंकलेला संघ पुढच्या वर्षी ४३-१०९ आणि १९१६ ला ३६-११७ कसा झाला? मॅकचं पान गप्प. त्याच्या संघातल्या एडी कॉलिन्सच्या पानावर तळाशी व्यवहारांची यादी आहे, तिथे सापडतं: ८ डिसेंबर १९१४, शिकागो व्हाइट सॉक्सला ५०,००० डॉलरला विकला. फेडरल लीग या नव्या प्रतिस्पर्धी लीगने पगार चढवले होते आणि मॅकला ते परवडत नव्हते. उलट १९२९ ते १९३१ च्या ३१३-१४३ या कामगिरीला कसल्याही खुलाशाची गरज नाही.

फोनवर रुंद तक्ते आडवे सरकवावे लागतात, जाहिरातीही आड येतात, लॅपटॉप बरा. तक्ता सीएसव्हीत (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) फुकट काढता येतो. स्टॅटहेड या त्यांच्याच सशुल्क शोधसेवेची वर्गणी शेकडो कॅचर एकदम चाळायचे असतील तरच भरावी, एकट्या मॅकसाठी नाही.