जुनं जग निवडताना: एबेरॉन, डार्क सन, थर्ड इम्पेरियम की ग्लोरांथा?

टेबलवरच्या रोलप्लेइंग खेळात वर्षभराचं कॅम्पेन (सलग चालणारी कथा) एखाद्या जुन्या, आधीच छापलेल्या काल्पनिक जगात खेळवायचं ठरलं की गेम मास्टर (खेळ चालवणारा) आधी प्रकाशकाची नवी यादी चाळतो. ती यादी फसवी असते. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या खेळाच्या फर्गॉटन रेल्म्स या जगावर पुस्तकांचा ढीग आहे, २०२५ मध्ये आणखी दोन आली. पण १९८७च्या बॉक्समधलं (डब्यात आलेल्या संचातलं) कथेतलं वर्ष १३५७, खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत १३७२ आणि चौथीत थेट १४७९. मधल्या स्पेलप्लेग या जादुई आपत्तीने नकाशासुद्धा बदलला. म्हणजे जुन्या पुस्तकातलं निम्मं शहर आज इतिहासजमा. तेव्हा प्रकाशक आज काय छापतो यापेक्षा त्याचं जुनं छापलेलं आज कितपत चालतं, हे बघावं.

या कसोटीवर डी अँड डीचंच एबेरॉन सगळ्यात सोपं. २००४ पासून प्रत्येक आवृत्तीत कॅम्पेन ९९८ सालीच सुरू होतं. त्यामुळे शार्न शहरावरचं २००४चं पुस्तक आणि २०१९चं ‘रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’ शेजारी ठेवून खेळवता येतं. घराणी, गुन्हेगारी टोळ्या, वस्त्या त्याच. फक्त नियमांचे आकडे घेऊ नका. ३.५ आवृत्तीतला राक्षस पाचव्या आवृत्तीत ‘बदलून’ घेण्यात संध्याकाळ जाते, त्याऐवजी मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकातला त्याच जातीचा उचला. कौशल्याच्या चाचणीला गाठायचा आकडा जुन्या पुस्तकात २५ किंवा ३० लिहिला असेल तर १५ ते २० वर आणा, नाहीतर पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) दारातच अडकते. स्वतः लिहिलेलं विकायचं असेल तर डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानात एबेरॉनला २०१८ पासून मुभा आहे.

डी अँड डीच्याच डार्क सन या वाळवंटी जगाचं प्रकरण वेगळं, आणि मोह सर्वांत जास्त याचाच. १९९१चा बॉक्स, १९९५चा सुधारित बॉक्स, २०१०चं चौथ्या आवृत्तीचं पुस्तक. त्यानंतर पाचव्या आवृत्तीसाठी डार्क सनचं स्वतंत्र अधिकृत पुस्तक नाही. बरं, ही तिन्ही तीन वेगळ्या काळांत उभी आहेत. १९९१ मध्ये टायर शहराचा राजा कॅलॅक जिवंत आहे आणि त्याचा झिगुरात (पायऱ्यांचा मनोरा) बांधला जातोय. २०१० मध्ये तो नुकताच मेलेला आहे, शहर मोकळं झालंय. १९९५ पर्यंत कादंबऱ्यांनी बाकीचे अनेक राजेही मारून टाकले. तिन्ही मिसळलीत तर दुसऱ्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) कोणीतरी विचारणारच की मेलेला माणूस कर कसा वसूल करतो. १९९१ किंवा २०१० यांतलं एकच धरा. आमची पसंती १९९१ला, कारण कॅलॅकविरुद्धचा उठाव पार्टीच्या हातून होऊ शकतो.

पाचव्या आवृत्तीचे नियम लावले की एथासचं (डार्क सनमधल्या जगाचं) वाळवंट मात्र एका झटक्यात कोरडं राहत नाही. पहिल्या पातळीच्या क्रिएट वॉटर मंत्राने १० गॅलन पाणी मिळतं. कडक उन्हात माणशी रोज २ गॅलन लागतात, म्हणजे एका स्लॉटमध्ये (मंत्र वापरायच्या एका संधीत) पाच जणांची पूर्ण सोय. २०१४च्या नियमांतला आउटलँडर (रानात वाढलेलं पात्र) तर जादूशिवाय स्वतःसह सहा जणांचं अन्नपाणी शोधतो. खेळाचा कणाच मोडला! पहिल्या सेशनआधीच सांगून टाका: क्रिएट वॉटरने १ गॅलनच मिळेल, गुडबेरी मंत्राने पोट भरेल पण तहान नाही, आउटलँडरची सोय बंद. सायोनिक्सचा, म्हणजे मनाच्या शक्तींचा प्रश्न उरतोच. १९९१चा बॉक्स त्यासाठी वेगळं नियमपुस्तक मागतो, आणि नव्या नियमांतला सायन हा पात्रवर्ग २०२५ मध्ये चाचणी म्हणून आला. चाचणीतली सामग्री बदलते, तेव्हा वर्षभराच्या कॅरॅक्टरसाठी तिच्यावर विसंबू नका.

विज्ञानकथा चालत असेल तर ट्रॅव्हलर या खेळाच्या थर्ड इम्पेरियम या अंतराळ साम्राज्याला तोड नाही. ग्रहाचं वर्णन करणारी सांकेतिक ओळ जुन्या खेळापासून तशीच आहे. रेजिना ग्रहाची ओळ ए७८८८९९-सी: उत्तम बंदर, आकार ७, दाट हवा, ८० टक्के पाणी, लोकसंख्या कोटींत, नोकरशाही, कडक कायदा, तंत्रपातळी १२. एक जंप (ताऱ्यांमधली उडी) म्हणजे साधारण आठवडा, इंधन दर पार्सेकला (अंतराचं एकक) जहाजाच्या टनभाराच्या १० टक्के, आजही हेच. त्यामुळे १९७९चं स्पिनवर्ड मार्चेस हे पुस्तक आजचा प्रकाशक मोंगूज याच्या नियमांवर थेट चालतं. बदलायचं ते चिलखत: जुन्यात ते नेम चुकवायचं, आता नुकसानातून वजा होतं. शस्त्रांचे तक्ते नव्या पुस्तकातलेच घ्या. जुनं विकत घेताना मुखपृष्ठ नीट वाचा. मोंगूज कथेतल्या ११०५ सालात परतलंय. मेगाट्रॅव्हलर या जुन्या आवृत्तीत सम्राटाचा खून होऊन यादवी पेटते आणि न्यू एरा या आवृत्तीत साम्राज्यच उरत नाही. २०२४ मध्ये सगळे हक्क मोंगूजकडे गेले, त्यामुळे कोणाचं काय हा घोळ मिटला. नकाशासाठी ‘ट्रॅव्हलर मॅप’ मोफत आहे, तो कुठल्याही छापील नकाशापेक्षा सोयीचा.

ग्लोरांथा या जगाला प्रकाशक केऑसियमचा पाठिंबा भरघोस, पण वाचन अफाट. तिथला खेळ रूनक्वेस्ट; त्याची २०१८ची आवृत्ती जुन्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने १९८१च्या ग्रिफिन माउंटन या पुस्तकातले कौशल्यांचे टक्के जवळपास तसेच चालतात. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला रूनचे (दैवी शक्तींच्या चिन्हांचे) टक्के आणि ३ रून पॉइंट जोडले की झालं. घोटाळा सालाचा होतो: जुनी साहसं १६१३च्या आसपासची, लूनर साम्राज्याचा ताबा असतानाची; नवीन खेळ १६२५ला, ताबा उठल्यावर सुरू होतो. सुरुवात स्टार्टर सेटने करा. दोन खंडांचं मोठं गाइड आधी उघडलंत तर खेळ सुरूच होणार नाही.

खरेदीत एक सांभाळा. जुन्या बॉक्समधले घडीचे नकाशे पीडीएफमध्ये बहुधा तुकड्यांत स्कॅन केलेले असतात, आणि मागणीनुसार छापलेल्या प्रतीत ते पानापानांत कापलेले येतात. परदेशातून मागवायचं असेल तर आधी पीडीएफ घ्या, नकाशा जोडून जवळच्या फ्लेक्सवाल्याकडून मोठा छापून घ्या. केऑसियमकडून थेट छापील पुस्तक घेतलं तर पीडीएफ सोबत मिळते, तेव्हा तिथे दोनदा पैसे मोजू नका.