सापेक्ष पथ कुठून मोजायचा: मेक आणि सीमेक

सोर्स फाइलचा सापेक्ष पथ (पूर्ण पत्ता न देता एखाद्या फोल्डरपासून सांगितलेला) नेमका कुठून मोजायचा, या एका प्रश्नावर जीएनयू मेक आणि सीमेक या, सोर्स कोडपासून प्रोग्राम बिल्ड करायच्या साधनांच्या वाटा वेगळ्या होतात.

मेक ज्या फोल्डरमधून चालतो, तिथूनच पथ मोजतो. मेकफाइल, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांची फाइल, कुठे ठेवली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा, मुख्य मेकफाइलने 'लिब' फोल्डरमधली 'रूल्स.एमके' इन्क्लूड केली आणि तिच्यात नुसतं 'पार्स.सी' लिहिलंय. मेक ती फाइल 'लिब'मध्ये बघतच नाही. वरच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबतो. एरर वाचून खरं कारण लक्षात येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

सीमेकमध्ये एक्झिक्युटेबलसाठी दिलेला पथ, तो ज्या सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये (सीमेकसाठीच्या सूचनांची फाइल) लिहिला आहे, तिच्या फोल्डरपासून मोजला जातो, बिल्ड कुठूनही चालवा. मला हेच बरोबर वाटतं. फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तरी आतले पथ बदलावे लागत नाहीत. टार्गेटला, म्हणजे बिल्ड करायच्या प्रोग्राम किंवा लायब्ररीला, सोर्स फाइल जोडणारी टार्गेट-सोर्सेस ही कमांड मात्र पूर्वी फसवायची: दुसऱ्या फोल्डरमधून वापरली तरी पथ टार्गेटच्याच फोल्डरपासून धरला जाई. ३.१३ आवृत्तीत आलेल्या सीएमपी००७६ पॉलिसीने (जुनं की नवं वागणं, हे ठरवणारी सीमेकची सेटिंग) ते सुधारलं. कोणतं वागणं लागू होईल हे प्रोजेक्टमध्ये लिहिलेल्या सीमेकच्या किमान आवृत्तीवरही ठरतं, म्हणून जुन्या प्रोजेक्टमध्ये ती किती आहे, ते आधी बघा.

एका बाबतीत मेक सरस आहे. पथ जसा लिहिला तसाच तो कंपायलरकडे जातो. सीमेक बहुधा पूर्ण पथ देतो, त्यामुळे कोडमध्ये फाइलचं नाव भरणाऱ्या मॅक्रोतून तुमच्या मशीनवरच्या फोल्डरचं नाव थेट बायनरीत शिरतं. जीसीसी या कंपायलरमध्ये आवृत्ती ८ पासून त्यावर फाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय आहे.