जुनाट कंबरदुखी: सीबीटी करावी की माइंडफुलनेस?

‘एमआरआयमध्ये खास काही नाही, आता सायकॉलॉजिस्टला दाखवा,’ हे ऐकलं की आधी रागच येतो. मलाही आला होता. म्हणजे आपण काय ढोंग करून राहिलो? तसं नसतं. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की कित्येकदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. इजा भरून आली तरी धोक्याची घंटा थांबत नाही. भीती आणि जागरणाने ती आणखी जोरात वाजते. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) आणि माइंडफुलनेस (आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) हे उपचार त्या घंटेवर आहेत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, वजन घटणं यातलं काही असेल तर मात्र पुढे वाचू नका, आधी डॉक्टर गाठा.

सीबीटीत आठवड्याला एक बैठक, अशा साधारण आठ ते बारा. बरं वाटलं त्या दिवशी इतवारीतून महिन्याचा किराणा उचलून आणायचा आणि पुढचे तीन दिवस पलंग धरायचा, हे चक्र ओळखीचं आहे ना? सीबीटी ते मोडते. दहा मिनिटं चालायचं ठरलं तर दहाच. दुखत असलं तरी आणि नसलं तरी. ‘वाकलो तर मणका सरकेल’ ही धास्तीही थोडं थोडं वाकून तपासायला लावतात. वहीत नोंदी ठेवाव्या लागतात, त्याचा कंटाळा येतो.

माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केला. दुखण्याशी न झगडता शरीराकडे बघत राहायचं. ऐकायला सोपं, पण घरी रोज सुमारे पाऊण तास सराव लागतो. नागपूरजवळच्या माहूरझरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर म्हणजे हेच, असं समजू नका. तिथे दिवसभर बसावं लागतं आणि ते कंबरदुखीवरचा उपचार म्हणून आखलेलं नाही.

गुण कशाने जास्त येतो? अमेरिकेत 342 कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालीत ठळक सुधारणा माइंडफुलनेसवाल्यांपैकी सुमारे 61 टक्के, सीबीटीवाल्यांपैकी 58 टक्के आणि नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांपैकी 44 टक्के लोकांत दिसली. पहिल्या दोघांत जवळपास बरोबरीच. पण कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या 2020 च्या आढाव्यात, जुनाट दुखण्यावरच्या मानसोपचारांच्या 75 चाचण्या तपासल्यावर, सीबीटीचा फायदा खरा पण लहानच निघाला. दुखणं शून्यावर आणून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

‘ॲक्ट’ (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) नावाचा तिसरा प्रकार आहे: दुखणं सोबत घेऊनच आपल्या महत्त्वाच्या गोष्टींकडे वळायचं. डॉक्टर बदलून बदलून थकलेल्यांनी त्याबद्दल जरूर विचारावं.

नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज किंवा एम्सच्या मानसोपचार विभागापासून चौकशी सुरू करता येईल. खासगीत जाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघा आणि ‘जुनाट दुखण्याचे रुग्ण हाताळलेत काय?’ हे तोंडावर विचारा. डिप्रेशनचे रुग्ण बघणं वेगळं, हे वेगळं.

हालचालीचीच भीती बसली असेल तर सीबीटी. अंग सतत आखडलेलं, झोप उडालेली आणि घरात निवांत कोपरा असेल तर माइंडफुलनेस. आमच्या घरी सकाळी कुकर, टीव्ही आणि नातू एकदमच सुरू होतात, म्हणून मी सीबीटी घेतली. फुटाळा तलावाच्या काठाने दहा मिनिटं चालतो, मे महिन्यात मात्र सहाच्या आत.