नॅरो-वाइड चेनरिंग, नऊ महिन्यांनंतर: रिंग उत्तम, खोक्यावरची ओळ चुकीची

नॅरो-वाइड चेनरिंग म्हणजे पॅडलजवळची दातेरी चकती, जिच्यात एक दात अरुंद, पुढचा रुंद असा क्रम असतो. ३२ दातांची, थेट क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) बसणारी, ३ मिमी ऑफसेटची (बसण्याच्या जागेपासून तितकी बाजूला सरकलेली) ही रिंग नऊ महिने आणि तीन चेनवर वापरून झाली. वजन, रंग, फिनिश यांत खोट काढण्यासारखं काही नाही, तो विषय इथेच संपला. खोक्यावर ठळक छापलंय (स्पीड म्हणजे मागच्या गियरची संख्या): '९ ते १२ स्पीड, सर्व चेनना चालते.' त्यातला 'सर्व' हा शब्द चुकीचा आहे आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

पहिले पाच महिने १० स्पीड चेन होती, पुढचे दोन ११ स्पीड. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. चेन गाईड (चेन उतरू नये म्हणून लावायची चौकट) नाही, खडकाळ उतार, तरी चेन एकदाही उतरली नाही. मग १२ स्पीडची, शिमानोची हायपरग्लाइड प्लस चेन चढवली आणि पहिल्याच चढावर कुरकुर सुरू झाली. सायकल स्टँडवर लावून क्रँक सावकाश फिरवला की प्रकार नीट दिसतो. रिंगच्या तळाशी चेन सुटून मागे जायला हवी, तिथे कडी रुंद दाताला धरून राहते, दातासोबत किंचित वर ओढली जाते आणि मग 'टक्' करून सुटते. हे दर एका दाताआड होतं, म्हणजे फक्त रुंद दातांवर. चिखलात हाच आवाज दुप्पट होतो.

पहिला संशय दाताच्या जाडीवर गेला, आणि तो जाणं साहजिक आहे. चेनमध्ये आतल्या पट्ट्यांची कडी आणि बाहेरच्या पट्ट्यांची कडी आळीपाळीने येतात; अरुंद दात पहिलीत बसतो, रुंद दुसरीत. जुन्या ६-७-८ स्पीड चेनची आतली रुंदी ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमी. ९ स्पीडपासून १२ स्पीडपर्यंत ती ११/१२८ इंच, म्हणजे साधारण २.१८ मिमी. स्पीड वाढले तशी चेन बाहेरून बारीक होत गेली: ९ स्पीडला सुमारे ६.६ मिमी, १० ला ५.९, ११ ला ५.५, १२ ला ५.३. आतली जागा मात्र जवळपास तेवढीच राहिली. '९ ते १२' हा दावा त्या आतल्या मापाच्या जोरावर केलेला असतो, आणि अरुंद दातांपुरता तो खराही आहे. पण चेन बाहेरून बारीक झाली की बाहेरच्या दोन पट्ट्यांमधली फटही कमी होते, आणि रुंद दात बसतो तो त्याच फटीत.

म्हणून व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) लावला. दात टोकाशी मोजू नका, टोक निमुळतं असतं. मुळापासून अर्ध्या उंचीवर मोजा, आणि निदान चार अरुंद व चार रुंद दात मोजा, कारण एखाद्या दातावर बर (धातूची उरलेली बारीक कड) असली की आकडा फसवतो. इथे अरुंद दात २.० मिमी भरले, रुंद ३.५ च्या आसपास. दोन्ही बसायला हवेत असे आकडे. तरी आवाज होता.

विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं की चेन रुळायला वेळ लागतो, दोनशे किलोमीटर चालवा. चालवली. आवाज तसूभरही कमी झाला नाही. जे दर एका दाताआड, ठराविक जागी अडकतं, ते रुळल्याने सुटत नाही. हे उत्तर देणाऱ्याने चेन हातात घेऊन पाहिली असती तर बरं झालं असतं.

निकाल लागला तो साध्या परमनंट मार्करने. रिंग डिग्रीझरने पुसून कोरडी करा. पाच-सहा रुंद दात सगळ्या बाजूंनी काळे रंगवा. चेन चढवून मधल्या गियरवर, जोर लावून, तीसेक फेऱ्या मारा आणि चेन उतरवून शाई कुठे गेली ते बघा. दातांच्या एकाच बाजूचा सपाट भाग घासला असेल तर चेनलाइन (रिंग आणि मागचे गियर एका रेषेत असणं) चुकली आहे. दोन्ही बाजू घासल्या असतील तर दात जाड आहे. इथे दोन्ही सपाट बाजूंची शाई जशीच्या तशी होती. शाई गेली होती ती रुंद भागाच्या पुढच्या-मागच्या कोपऱ्यांवरून, आणि खाली चकचकीत धातू उघडा पडला होता.

इथे मत बदलावं लागलं. अडचण जाडीत नव्हती, रुंद भागाच्या लांबीत होती. बाहेरच्या पट्ट्यांमधल्या खिडकीला रुंदी असते तशी लांबीही असते, आणि ती ठरते शेजारच्या दोन आतल्या पट्ट्यांची टोकं कुठे संपतात त्यावर. साध्या चेनमध्ये ही टोकं गोलाकार आणि आखूड असतात. शिमानोने २०१८ मध्ये एक्सटीआर एम९१०० या गियर संचासोबत आणलेल्या हायपरग्लाइड प्लस चेनमध्ये आतल्या पट्ट्या मुद्दाम वाढवल्या आहेत, दातावर पकड चांगली बसावी म्हणून. त्या वाढीव टोकांनी खिडकी आखूड होते, आणि साध्या नॅरो-वाइड दाताचे खांदे त्यांना घासतात. एसरॅम या दुसऱ्या कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स१ गियर संचासोबत एक्स-सिंक हा नॅरो-वाइड दात आणला, तेव्हा ही चेन अस्तित्वातच नव्हती. त्या धर्तीवर कापलेल्या दातांत तिच्यासाठी जागा नसली तर दोष दाताचा नाही. म्हणून रिंगवरचा राग आता मागे घेतो. दोष खोक्यावरच्या ओळीचा आहे.

याच 'सर्व'मध्ये आणखी एक चेन बसत नाही. एसरॅमच्या फ्लॅटटॉप चेनचा रोलर (पट्ट्यांमधली फिरती नळी) नेहमीपेक्षा जाड असतो, त्यामुळे तिला दातांमधली दरीच वेगळी लागते. तिथे पट्ट्यांपर्यंत जायचीही गरज नाही.

नॅरो-वाइड पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रुंद दात बाहेरच्या पट्ट्यांखालीच यायला हवा. एका दाताने चुकलं तर चेन दातांच्या डोक्यावर चढून बसते, लगेच कळतं. आणि चेनमध्ये हाफ-लिंक (एका टोकाला अरुंद, दुसऱ्याला रुंद असलेली सुटी कडी) घालू नका. कड्यांची एकूण संख्या विषम झाली की एका पूर्ण फेरीनंतर अरुंद-रुंद क्रम उलटतो आणि चेन उतरते.

सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गियरच्या सायकलची १/८ इंच रुंदीची रिंग असेल तर ३/३२ इंची चेन तिच्यावर घालायचा प्रयत्न सोडा, जाड दातावर ती खाली बसतच नाही. उलटं चालतं, थोडा खडखडाट होतो इतकंच.

झीज: १० आणि ११ स्पीडच्या काळात चेन ०.५ टक्के ताणाला बदलली. २४ कड्यांचं अंतर ३०४.८ मिमीवरून ३०६.३ झालं की बदलायची. त्या शिस्तीमुळे सात महिन्यांत दातांना आकडीसारखा आकार आला नाही. नंतरच्या दोन महिन्यांत, हायपरग्लाइड प्लसवर, रुंद दातांचे कोपरे जितके गोल झाले तितके आधीच्या सात महिन्यांत झाले नव्हते. ही झीज चेन पकडण्याच्या मुख्य भागाचीच आहे, त्यामुळे 'आवाज सहन करू' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब धरावा.

आता ही रिंग पुन्हा ११ स्पीड चेनवर आहे आणि गप्प आहे. १२ स्पीडसाठी रुंद दात आखूड कापलेली, त्या चेनचं नाव स्पष्ट लिहिलेली दुसरी रिंग लावली. मार्करची चाचणी तिच्यावरही केली, तीस फेऱ्यांनंतर कोपऱ्यांवरची शाई शाबूत होती. पहिल्या रिंगला चार तारे. पाचवा, खोक्यावरची ओळ बदलली की देईन.