बिशिए: नेफ्राइटचा की जेडाइटचा?

बिशिए म्हणजे पंखांचा, सिंहासारखा चिनी काल्पनिक प्राणी. त्याच्या मूर्ती नेफ्राइट किंवा जेडाइट या दगडांत कोरतात. विक्रेता दोन्ही दगडांना ‘जेड’च म्हणतो, पण फरक मोठा आहे.

आधी वय. ब्रह्मदेशचा जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आला तो १८व्या शतकात. त्यामुळे जेडाइटचा बिशिए ‘हान काळातला’ (म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा) म्हणून दाखवला, तर सरळ उठावं. नेफ्राइटचं कोरीवकाम मात्र हजारो वर्षांचं.

ओळख वजनातून पटते. मूर्ती कोरडी तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. कोरडं वजन भागिले दोन्हींतला फरक. १५० ग्रॅमची मूर्ती पाण्यात १०० भरली, तर घनता ३.०: नेफ्राइट. १०५ भरली, तर सुमारे ३.३: जेडाइट. २.६च्या आसपास आली, तर बहुधा सर्पेंटाइन, म्हणजे जेडसारखा दिसणारा वेगळाच दगड. बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो.

जेडाइट किंचित कठीण, चकाकी काचेसारखी. नेफ्राइटची थिजलेल्या तुपासारखी. पण पडझडीत नेफ्राइट जास्त टिकतो, तंतू एकमेकांत गुंतलेले असतात ना!

लबाडीही वेगळी. नेफ्राइटवर ‘पुरातन’ तपकिरी डाग रंगवतात. जेडाइट आम्लाने धुऊन राळ भरतात.

जुनेपणासाठी नेफ्राइट, गडद हिरव्या रंगासाठी जेडाइट, पण प्रयोगशाळेचा दाखला पाहूनच.