किंगफिशर अल्ट्रा विटबिअर : बेळगावच्या टेबलावरची गव्हाची एल

किंगफिशर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज म्हणजे लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली नेहमीची बिअर, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की त्याच कंपनीने किंगफिशर अल्ट्रा विटबिअर ही गव्हाची एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, बाजारात आणल्यावर बेळगावातील बिअरच्या दर्दी मंडळींत दोन तट पडणे साहजिकच होते. कॅम्पात आणि टिळकवाडीत बसणाऱ्या आमच्या ओळखीच्यांपैकी काहींनी तिला पहिल्याच घोटाला पाणचट ठरवले, तर काहींच्या मते मोठ्या कंपनीकडून इतकी नाजूक बिअर यावी हेच विशेष आहे. मी दुसऱ्या तटात आहे; मात्र बाटली ताजी असावी आणि ती ग्लासात ओतून, फार गार न करता प्यावी, ही माझी अट आहे.

विटबिअर हा मूळचा बेल्जियमचा प्रकार. होगार्डन गावातील या प्रकारची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली आणि पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये तेथेच तो पुन्हा सुरू केला. सातूच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर) मोड न आणलेला गहू भरपूर घालायचा, हॉप्स या फुलांचा कडवटपणा मंद ठेवायचा आणि उकळताना धणे व संत्र्याची साल टाकायची, अशी याची रीत आहे. लागरचे यीस्ट साधारण ८ ते १२ अंशांच्या गारव्यात काम करते आणि पुढे कित्येक आठवडे बिअर थंडीत मुरवली जाते; एलचे यीस्ट मात्र १८ ते २४ अंशांच्या उबेत आंबवण करते आणि त्या उबेतच फळांसारखे वास तयार होतात. हे वासच विटबिअरचे खरे भांडवल असल्यामुळे बाटली फ्रीजरमध्ये ठेवून गोठायला आली की ते दबून जातात आणि हाती नुसता गॅस व आंबटसर पाणी उरते. पाणचट म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती तशीच, बाटलीला तोंड लावून प्यायली होती.

फ्रीजमधून काढून दहा-बारा मिनिटे बाहेर ठेवलेली बाटली रुंद तोंडाच्या ग्लासात ओतावी. थोडी बाटलीतच राखून ती हलक्या हाताने गोल फिरवावी आणि मग उरलेली फेसावर सोडावी. रंग फिकट पिवळा, किंचित धुरकट. नाक जवळ नेताच आधी संत्र्याची साल जाणवते आणि घोट गिळल्यावर मागून धणे येतात, तेही भाजलेले नव्हेत, नुकतेच ठेचलेले. कडवटपणा जवळजवळ नाहीच. संत्र्याचा सूर मला अंमळ चढा वाटतो आणि गव्हाचा मऊपणा आणखी थोडा हवा होता. बेंगळुरूच्या मायक्रोब्रुअरींत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरींत, ताजी विटबिअर पिऊन आलेल्या एका मित्राचेही हेच म्हणणे आहे. तरीही रोज स्ट्राँग, म्हणजे जास्त अल्कोहोलची बिअर, पिणाऱ्या माणसाला एल म्हणजे काय हे दाखवायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. आपल्या देशात स्ट्राँगचाच खप मोठा असल्याने नशेच्या मापाने तोलणाऱ्यांना ती आवडणार नाही; त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

खरी अडचण साठवणुकीची आहे. शहरातील एका दुकानात वैशाखाच्या उन्हात फुटपाथवर रचलेले खोके मी पाहिले आणि तेथून आणलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. उष्णतेने कोणतीही बिअर लवकर म्हातारी होते, पण लागरपेक्षा अशा सुगंधी एलचे नुकसान आधी कळते. म्हणून लेबलवरची उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी, आणि दुकानदार तारीख दाखवायला कुरकुर करत असेल तर बाटली खुशाल परत ठेवावी.

दराबद्दल कंपनीला एकटीला बोल लावता येत नाही. कर्नाटक सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात बिअरवरील अतिरिक्त अबकारी शुल्क १७५ टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर नेले, आणि त्याचा बोजा शेवटी गिऱ्हाइकावरच आला. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलेले लोक तिकडचा दर सांगून हळहळतात खरे, पण परवान्याशिवाय तिकडून बाटल्या आणणे हा गुन्हा आहे, म्हणून ती तुलना तिथेच सोडून द्यावी.

जेवणाशी मात्र ही बिअर छान जुळते. रवा लावून तळलेली सुरमई, लिंबू पिळलेली कोळंबी किंवा साधी कांदाभजी घ्यावी. धणे आणि संत्रे तळणीचा तेलकटपणा कापतात. बेळगावी मटणाच्या तांबड्या, झणझणीत रश्श्यापुढे ती टिकत नाही. तेथे नेहमीची लागरच बरी. आणि कुंद्याबरोबर तर ती घेऊच नये, कारण खव्याच्या गोडीनंतर तिचा आंबटपणा तेवढा जिभेवर राहतो.